उत्तर न देण्याची तालीम

सॅन फ्रान्सिस्को येथील ‘एक्सप्लोरेटोरियम’ हे विज्ञान संग्रहालय १९६९ साली सुरू झाले, तेव्हापासून त्याच्या दालनांत प्रेक्षकांच्या मदतीला उभे राहण्याचे काम शाळेत शिकणारी पंधरा ते अठरा वर्षांची मुलेमुली करीत आली आहेत. या मुलांना तेथे ‘एक्सप्लेनर’ म्हणतात. अंगातील नारिंगी जाकिटावरून ती गर्दीत ओळखू येतात आणि कामाबद्दल त्यांना वेतन मिळते. शब्दाचा सरळ अर्थ ‘स्पष्टीकरण देणारा’ असा होत असला, तरी त्यांना मिळणाऱ्या प्रशिक्षणाचा मोठा भाग स्पष्टीकरण रोखून धरण्याचा, म्हणजे समोरच्याला स्वतः पाहू देण्याचा असतो, आणि या संस्थेचे खरे वैशिष्ट्य तिच्या उपकरणांपेक्षा या प्रशिक्षणात शोधावे लागते.

संस्थापक फ्रँक ओपनहायमर (१९१२–१९८५) हे अणुबॉम्ब प्रकल्पाचे वैज्ञानिक प्रमुख रॉबर्ट ओपनहायमर यांचे धाकटे बंधू आणि स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. पूर्वीच्या कम्युनिस्ट पक्षसदस्यत्वामुळे १९४९ साली त्यांना मिनेसोटा विद्यापीठातील नोकरी सोडावी लागली आणि पुढची काही वर्षे त्यांनी कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात गुरे पाळून काढली. तेथील पगोसा स्प्रिंग्ज या लहान गावाच्या शाळेत ते पुढे विज्ञान शिकवू लागले, तेव्हा गावाच्या भंगारातून आणलेले यंत्रांचे सुटे भाग हीच त्यांची प्रयोगशाळा होती. १९६५ साली युरोपातील संग्रहालयांचा अभ्यास करताना त्यांना पॅरिसच्या ‘पॅले द ला देकुव्हर्त’मध्ये तरुण विद्यार्थी प्रेक्षकांसमोर प्रयोग करून दाखवताना आढळले. ती कल्पना त्यांनी उचलली. मात्र महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या जोडीला शाळकरी मुलांनाही दालनात आणण्याचे धाडस त्यांचे स्वतःचे होते.

त्यामागील विचार मोलाचा आहे. एखादी गोष्ट ज्याला कालपरवाच उमगली आहे, त्याला ती न उमगण्याची अवस्था अजून आठवत असते, आणि प्रेक्षक नेमका कोठे अडला आहे हे त्याला पटकन कळते. मुरलेल्या तज्ज्ञाची ही स्मृती बहुधा पुसट झालेली असते. म्हणूनच निवड करताना विज्ञानातील गुणांना महत्त्व दिले जात नाही. शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांतील, निरनिराळ्या भाषा बोलणारी, लोकांशी बोलण्याची आवड असलेली मुले घेतली जातात आणि प्रकाश, ध्वनी, वीज, दृष्टी असे विषय संस्थेतील शास्त्रज्ञ, कलावंत व उपकरणे घडवणारे कारागीर यांच्याबरोबर बसून ती कामाच्या ओघात शिकतात. प्रेक्षकाने स्वतः हाताळायची अशी उपकरणे मराठी वाचकाला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रामुळे परिचित आहेत. अशा उपकरणाजवळ उभ्या असलेल्या माणसाने ‘हे असे का झाले ते सांगतो’ म्हणण्याऐवजी ‘हात थोडा दूर नेला तर काय होईल?’ असे विचारणे ही सवय अंगी बाणवावी लागते, कारण उत्तर ठाऊक असताना गप्प राहणे कोणत्याही वयात कठीणच असते.

या प्रशिक्षणाची कसोटी पाहायची असेल, तर गाईच्या डोळ्याचे विच्छेदन पाहावे. खाटीकखान्यातून आणलेला डोळा ताटात ठेवून एक्सप्लेनर प्रथम त्याभोवतीची चरबी व स्नायू कापून काढतो. मग पारपटल, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या बाजूचा पारदर्शक पडदा, छेदला की पाण्यासारखा द्रव बाहेर येतो; त्यामागे परितारिका, म्हणजे बाहुलीचे छिद्र लहानमोठे करणारा रंगीत पडदा, आणि तिच्यामागे भिंग असते. हे भिंग काढून वर्तमानपत्रावर ठेवले की खालची अक्षरे मोठी दिसतात, आणि तोवर नाक मुरडून मागे सरकलेली मुले याच क्षणी पुढे वाकतात. डोळ्याच्या पोकळीतील पारदर्शक गर बाजूला केल्यावर दृष्टिपटल, म्हणजे प्रकाश टिपणारा अतिशय पातळ पडदा, सुरकुतलेल्या सायीसारखा सैल होतो आणि एकाच जागी चिकटून राहतो. ती जागा म्हणजे मेंदूकडे जाणारी नस जेथून बाहेर पडते तो अंधबिंदू. तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसल्यामुळे डोळ्याला त्या ठिकाणी काहीच दिसत नाही. पडद्यामागचा निळा-हिरवा चकाकता थर दिसला, की रात्री जनावरांचे डोळे का चमकतात हे कोणीतरी प्रेक्षकच बोलून दाखवतो, आणि त्या वेळी एक्सप्लेनरने मध्ये न पडणे हीच त्याच्या कामाची परिपक्वता होय.

या कामाचा मुलांवर पुढे काय परिणाम होतो, याचा माजी एक्सप्लेनरांवर केलेला अभ्यास १९८७ साली ‘सायन्स एज्युकेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विज्ञानाची गोडी वाढल्याचे त्यात दिसलेच. शिवाय अनोळखी माणसांशी बोलण्याचा आत्मविश्वास आणि दुसऱ्याला शिकवण्याची ओढ या गोष्टींनाही त्यात मोठे स्थान होते. प्रेक्षकांसाठी आखलेल्या योजनेत सर्वाधिक शिक्षण प्रेक्षकांना मदत करणाऱ्यांचे व्हावे, यात नवल नाही. संस्थेने ते ओळखून त्यासाठी वेळ व पैसा वेगळा काढला, हे तिचे श्रेय आहे.

मत्स्यालयात हेच काम वेगळे वळण घेते, कारण तेथे समोरची वस्तू जिवंत असते. कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावर १९८४ साली सुरू झालेल्या माँटेरे बे मत्स्यालयात किशोरवयीन स्वयंसेवक उन्हाळ्यात प्रेक्षकांशी संवाद साधतात. स्पर्शकुंड, म्हणजे समुद्रतारा किंवा पाकट यांसारख्या प्राण्यांना हळुवार हात लावता येईल असे उथळ कुंड, सांभाळताना एकाच वेळी मुलाचे कुतूहल आणि प्राण्याची सुरक्षितता जपावी लागते. काचेचे भिंग कितीही वेळा हाताळले तरी बिघडत नाही, पण पाकटाला दाबून धरले तर इजा होते. तेव्हा नुसते प्रश्न विचारून भागत नाही, ठामपणे पण न दुखावता थांबवणेही शिकावे लागते, आणि आपल्याहून वयाने मोठ्या माणसाला थांबवणे हा पंधरा वर्षांच्या मुलीसाठी जड धडा असतो.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ‘न्यूयॉर्क हॉल ऑफ सायन्स’ने १९८०च्या दशकात या कामाला पायऱ्या जोडल्या. ‘सायन्स करिअर लॅडर’ या योजनेत शाळकरी मूल मदतनीस म्हणून येते, महाविद्यालयात गेल्यावर पगारी एक्सप्लेनर होते आणि पुढे नव्यांना तयार करण्याची जबाबदारी घेते. या संस्थेने सिटी कॉलेजच्या साहाय्याने विज्ञानशिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही दालनात काम दिले. देशभरातील संग्रहालयांना अशा योजना उभारता याव्यात म्हणून १९९१ ते १९९९ या काळात ‘यूथअलाइव्ह’ हा उपक्रम एका खासगी निधीच्या बळावर चालला. वेतनाचा प्रश्न येथे गौण मानता येणार नाही. ज्या घरात मुलाच्या सुटीतील कमाईची गरज असते, त्या घरातील मूल विनावेतन स्वयंसेवक होऊ शकत नाही, आणि मग दालनात उभी राहणारी मुले सुस्थितीतील घरांतूनच येऊ लागतात. एक्सप्लोरेटोरियम २०१३ साली मूळच्या ‘पॅलेस ऑफ फाइन आर्ट्‌स’मधून बंदरातील ‘पियर १५’ या धक्क्यावर हलले; पण नारिंगी जाकिटे आणि त्यांचा पगार ही जोडी नव्या जागेतही कायम राहिली.