ओझे वाहिले फार, आता भाडे ठरवू या

बेलापूर हे प्रवरेकाठचे जुने बाजाराचे गाव. दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या स्टेशनाला याच गावाचे नाव मिळाले आणि पुढे श्रीरामपूर शहर वाढले ते त्या स्टेशनाभोवती. या पट्ट्यातून कांदा, साखर, सोयाबीन, गहू बाहेर जातो. खत, सिमेंट, लोखंड आत येते. हा माल कोणाच्या तरी पाठीवरून गाडीत चढतो आणि पाठीवरूनच खाली उतरतो. ती पाठ पुष्कळदा आपल्या माणसाची असते. पण माल कोणत्या गाडीत जाणार आणि किती भाड्याने जाणार हे जेथे ठरते, त्या टेबलाजवळ आपला माणूस क्वचितच दिसतो.

याला इतिहास आहे. याच परिसरातील हरेगाव येथे डिसेंबर १९३९ मध्ये महार, मांग व वेठिया वतनदारांची परिषद भरली होती आणि परमपूज्य बाबासाहेबांनी तिला मार्गदर्शन केले होते. वतनाच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांनी काय केले? सरकारी अंमलदारांचे सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावी पोहोचवले, टपाल व निरोप नेले, गावचा वसूल तालुक्याच्या खजिन्यात नेऊन सोडला. माल व पैसा सुरक्षित पोहोचवण्याचा विश्वास आपल्यावर होता. मोबदला मात्र पसाभर बलुते आणि तुकडाभर जमीन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. शेवटी १९५८ च्या कायद्याने वतन गेले. वतन गेले तरी ओझे राहिलेच. कोणी बाजार समितीत हमाल झाला, कोणी ट्रकवर क्लीनर, कोणी ड्रायव्हर.

सरकारी नोकऱ्या आटत चालल्या आहेत. अशा वेळी हमाली किंवा ड्रायव्हिंग करून हा धंदा जवळून पाहिलेल्या तरुणाने स्वतंत्र ट्रान्सपोर्ट एजंट का होऊ नये? या धंद्याला स्वतःचा ट्रक लागत नाही. त्याला लागते ती माहिती, शब्दाचा पक्केपणा आणि हिशेबाची वही.

धंदा नेमका काय?

व्यापाऱ्याकडे माल आहे, त्याला गाडी हवी आहे. मोटारमालकाकडे गाडी आहे, त्याला माल हवा आहे. या दोघांची गाठ घालून देणारा तो एजंट. त्याबद्दल तो गाडीमागे ठरलेली दलाली घेतो. दलाली घेण्याच्या दोन रीती आहेत. एक उघडी: व्यापाऱ्याने दिलेले भाडे मोटारमालकाला सांगायचे आणि त्यातून ठरलेली रक्कम घ्यायची. दुसरी झाकलेली: व्यापाऱ्याला एक भाडे सांगायचे, मालकाला दुसरे, आणि मधला फरक खिशात. नवख्याने पहिलीच रीत धरावी. ड्रायव्हर आणि व्यापारी माल उतरवताना कधीतरी बोलतातच. त्या दिवशी झाकलेला फरक उघडा पडतो आणि दोन्ही गिऱ्हाइके जातात.

आधी गाड्या, मग व्यापारी

नवा माणूस आधी व्यापाऱ्याकडे जातो आणि 'काही माल असेल तर सांगा' म्हणतो. व्यापारी 'बघू' म्हणतो आणि विसरतो. क्रम उलटा हवा. आधी गाड्यांची वही करा. श्रीरामपूरला खत, सिमेंट, लोखंड घेऊन येणारा ट्रक माल उतरवल्यावर काय करतो? परतीचे भाडे मिळेपर्यंत ढाब्यावर उभा राहतो. रिकामी गाडी घरी नेण्यापेक्षा मालक थोड्या कमी भाड्यातही माल भरायला तयार असतो. रोज सकाळी मालधक्का, खताची गोदामे, नगर-मनमाड रस्त्यावरचे कोल्हार-राहुरीकडचे ढाबे येथे फेरी मारा. गाडीचा नंबर, किती टनाची, उघडी की बंद बॉडीची, कोणत्या गावची, मालकाचा फोन, कधी रिकामी होणार, एवढे लिहा. पंचवीस-तीस गाड्या वहीत आल्या की व्यापाऱ्याकडे जा. आता तुमचे वाक्य वेगळे असेल.

"शेठ, पुण्याची दहा टायर गाडी आज दुपारी दोनला रिकामी होतेय. परतीची आहे. तुमचा कांदा आहे का?"

या वाक्यात गाडी आहे, वेळ आहे आणि व्यापाऱ्याचा फायदा आहे. याला 'बघू' म्हणून चालत नाही. हो तरी म्हणावे लागते, नाही तरी.

कोणता माल कधी निघतो याचेही पंचांग पाठ हवे. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. काही लगेच विकला जातो, काही चाळीत राहून दिवाळीपर्यंत बाजारात येत राहतो. जूनच्या तोंडावर खताच्या गाड्या आत येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन, त्यानंतर गळीत हंगामाची साखर, मार्चमध्ये गहू. राहात्याकडे पेरू आहे, घोडेगावला कांद्याचा मोठा बाजार आहे. उसाच्या वाहतुकीच्या मागे लागू नका. ती कारखान्यांच्या करारावर आणि उचलीवर चालते. आपले काम मोकळ्या मालाचे.

पाटीवरचे नाव

आता अवघड गोष्ट बोलू. ज्या धंद्यात माणूस फक्त भरवसा विकतो, तेथे जात सर्वात आधी आडवी येते. खुद्द बाबासाहेबांना हा अनुभव आला. परदेशात अर्थशास्त्र शिकून आल्यावर आणि बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर त्यांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारांबाबत सल्ला देणारी कचेरी काढली होती. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि कचेरी बंद करावी लागली. एवढ्या विद्वत्तेपुढे जात उभी राहिली, तर आपल्या पोरांपुढे राहणार नाही असे समजणे भोळेपणाचे ठरेल.

मग पाटीवर आडनाव टाळावे का? काही जण टाळतात. पण लहान बाजारात कोण कोणाचा हे आठ दिवसांत कळते. लपवलेले कळले की 'खोटा माणूस' हा दुसरा शिक्का बसतो, आणि एजंटाला तो पहिल्यापेक्षा महाग पडतो. त्यापेक्षा पहिली गिऱ्हाइके विचारपूर्वक निवडावीत. ज्याचा माल थांबला तर सडतो, त्याच्याकडे आधी जावे. कांद्याच्या ढिगावर पाऊस येऊ लागला की व्यापारी एजंटाची जात पाहत बसत नाही, गाडी पाहतो. तीन वेळा गाडी वेळेवर लागली की चौथ्या वेळी तो स्वतः फोन करतो. परगावचे मोटारमालक आणि परजिल्ह्यातले खरेदीदार यांना गावच्या उतरंडीशी घेणेदेणे नसते. त्यांच्याशी पहिले व्यवहार सोपे जातात. जेथे दोनदा अपमान होतो तेथे तिसऱ्यांदा जाऊ नये. तो वेळ दुसऱ्या दारी घालवावा.

आपल्या उद्योजकांची ओळखही ठेवावी. दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही संस्था २००५ पासून काम करते आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात माल व सेवांच्या एकूण खरेदीपैकी ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी ठेवला आहे. त्यासाठी लागणारी 'उद्यम' नोंदणी मोफत होते.

पैसा कोठे बुडतो?

हा धंदा बहुधा बुडतो तो उधारीने. समजा, गाडीमागे ५०० रुपये दलाली आहे आणि महिन्यात ४० गाड्या लागल्या. २०,००० रुपये झाले. पण ड्रायव्हरला निघताना डिझेलसाठी १०,००० ॲडव्हान्स हवा असतो आणि व्यापारी म्हणतो, 'तू दे, पंधरा दिवसांनी घे.' अशा दहा गाड्या झाल्या की तुमचे एक लाख रुपये दुसऱ्याच्या गल्ल्यात गेले. ५०० रुपयांसाठी १०,००० अडकवणे म्हणजे व्यापाऱ्याला बिनव्याजी कर्ज देणे. म्हणून पहिल्या दिवसापासून नियम करा: ॲडव्हान्स व्यापाऱ्याने सरळ मोटारमालकाच्या खात्यात टाकायचा आणि आपली दलाली गाडी भरतानाच घ्यायची. असे बोलल्यावर चार गिऱ्हाइके गेली तरी चालतील.

दुसरा धोका चोरीचा. खोट्या नंबरची गाडी माल भरून पसार झाल्याचे प्रकार घडतात. गाडी भरण्यापूर्वी आरसी, विमा, फिटनेस, परमिट आणि ड्रायव्हरचे लायसन्स पाहा. सरकारच्या परिवहन ॲपवर नंबर टाकून गाडीची नोंद जुळवा. मालकाशी स्वतः फोनवर बोला. गाडी व ड्रायव्हरचा फोटो काढा. हमाली, वाराई, टोल आणि माल उतरायला उशीर झाल्यास गाडीचा हॉल्टिंग खर्च कोणी द्यायचा, हे भरण्याआधी लिहून घ्या. काट्याची पावती ठेवा. जादा माल भरू देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. आणि पत्त्यात 'बेलापूर, ता. श्रीरामपूर' असे पूर्ण लिहा. नवी मुंबईतही बेलापूर आहे.

कायदा आणि भांडवल

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ९३ प्रमाणे माल गोळा करून पाठवणाऱ्या एजंटाला परवाना लागतो. रस्ता मालवाहतूक कायदा २००७ हा तर दलालालाही 'वाहतूकदार' याच व्याख्येत धरतो आणि नोंदणी सक्तीची करतो. श्रीरामपूरला परिवहन कार्यालय आहे; तेथे स्वतः जाऊन चौकशी करावी. तोवर एखाद्या नोंदणी असलेल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या हाताखाली दलाली वाटून काम करणे हा उत्तम शिकाऊ काळ आहे. बिल्टी स्वतःच्या नावाने फाडण्याची घाई करू नका. तिच्याबरोबर मालाची जबाबदारी आणि जीएसटीचे नियमही अंगावर येतात. परराज्यात जाणारा माल ५०,००० रुपयांपेक्षा आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाणारा एक लाखापेक्षा जास्त किमतीचा असेल, तर गाडी हलण्यापूर्वी ई-वे बिल पाहावे. ताज्या कांद्या-भाजीला ते लागत नाही.

सुरुवातीला भांडवल थोडेच लागते: फोन, जुनी मोटारसायकल, दोन वह्या, तीन महिन्यांचा घरखर्च. पुढे ऑफिस किंवा छोटी गाडी घ्यायची झाल्यास बँकेतील मुद्रा योजना आणि १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ येथे विचारावे. बौद्ध म्हणून सवलत जाईल ही भीती बाळगू नये. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या आहेत. जातीचा दाखला तेवढा तयार ठेवा.

घर आणि धम्म

या धंद्यात घरच्यांचा हात मोठा आहे. दिवसभर फिरणाऱ्या माणसाचा हिशेब रात्री चुकतो. शिकलेली पत्नी, बहीण किंवा मुलगी यांच्याकडे वही द्यावी: कोणाची दलाली आली, कोणाची राहिली, कोणती गाडी पोहोचली. माल पोहोचल्याचा फोन व्यापाऱ्याला त्याने विचारण्याआधी गेला पाहिजे. तो फोन घरातूनही जाऊ शकतो.

तथागतांचे पहिले उपासक तपस्सु आणि भल्लिक हे गाड्यांवर माल लादून निघालेले व्यापारी होते, हे आपल्या मुलांना सांगावे. अंगुत्तर निकायातील पापणिक सुत्तात दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. त्याला मालाची आणि नफ्याची नजर असावी, देण्याघेण्यात कसब असावे, आणि धनिकांनी आपण होऊन भांडवल द्यावे अशी त्याची पत असावी. पहिले दोन गुण हमालीने आणि ड्रायव्हिंगने आपल्या पोरांना शिकवले आहेत. तिसरा एकेका गाडीने मिळवायचा आहे. सम्यक आजीविकेत मद्याचा व्यापार बसत नाही; म्हणून दारूची गाडी दुप्पट दलालीची असली तरी आपल्या वहीत नको.

ज्यांनी गावचा वसूल डोक्यावर नेऊन खजिन्यात सुखरूप सोडला, त्यांच्या नातवंडांना माल पोहोचवण्याची जबाबदारी नवी नाही. फरक इतकाच की आता कामाआधी दर ठरवायचा आणि तो लिहून घ्यायचा. ज्या तरुणाला हे जमेल असे वाटते त्याने या आठवड्यात एक वही घ्यावी, मालधक्क्यावर जावे आणि पहिल्या गाडीचा नंबर लिहावा.

जय भीम.