पार्ल्याची उंची कोण ठरवतं?

२४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं एक डीसी-८ विमान मुंबईत उतरलं, पण भलत्याच विमानतळावर. जायचं होतं सांताक्रूझला आणि वैमानिकाला समोर दिसली जुहूची धावपट्टी. तिथे लहान विमानं आणि हेलिकॉप्टरं उतरायची. एवढं मोठं धूड थांबेपर्यंत ती आखूड धावपट्टी संपली आणि विमान पुढे निघून गेलं. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. त्याआधी १९५३ मध्ये ब्रिटिशांच्या एका कॉमेट विमानानेही नेमका हाच घोळ घातला होता. तसा दोष फक्त वैमानिकांचा नव्हता. दोन्ही धावपट्ट्या जवळपास पूर्व-पश्चिम पडलेल्या आणि मधलं अंतर फार तर तीन किलोमीटरचं. त्या अंतरात वसलेलं उपनगर म्हणजे विलेपार्ले.

मुंबईकर आजही ‘सांताक्रूझ एअरपोर्ट’ म्हणतात, पण देशांतर्गत उड्डाणांची जुनी इमारत उभी आहे ती विलेपार्ले पूर्वेला. पार्लेकरांनी याची कधी फारशी तक्रार केलेली दिसत नाही. त्यांना मिरवायला इतर गोष्टी पुष्कळ होत्या. टिळकांच्या नावाची शाळा, पु. ल. देशपांडे, विजय तेंडुलकर, दीनानाथ नाट्यगृह, व्याख्यानं आणि गाण्याच्या बैठका. ‘पार्ल्याची संस्कृती’ हा शब्दप्रयोग तर मराठी वर्तमानपत्रांनी गुळगुळीत करून टाकला आहे. ही संस्कृती टिकली त्याचं श्रेय पार्लेकरांना जरूर द्यावं. पण ज्या बुटक्या इमारतींत आणि झाडांच्या गल्ल्यांत ती टिकली, त्या तशा राहण्यात पार्लेकरांपेक्षा विमानांचा हात मोठा आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे सगळं साष्टी बेटावरचं भातशेतीचं खेडं होतं. गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कोळी, आगरी आणि इतर शेतकरी राहत. ईस्ट इंडियन म्हणजे पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले इथलेच भूमिपुत्र. त्यांची बोली मराठी, बायकांचं पारंपरिक लुगडं मराठी. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, हे सरकारदरबारी नोंदवण्यासाठी त्यांनी १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीचं निमित्त साधून हे नाव घेतलं. सहार, मरोळ, चकाला, कोळेकल्याण ही त्यांची गावं. नकाशावर पाहिलं तर आजच्या विमानतळाभोवती त्यांचं कडंच दिसतं.

रेल्वे इथून १८६० च्या दशकातच धावू लागली होती, पण पार्ल्याला स्वतःचं स्टेशन मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. दरम्यान १८९६ च्या प्लेगने मुंबईकरांना दाट चाळींची दहशत बसवली होती. हवेशीर जागा हवी, कचेरीपर्यंत गाडी हवी आणि भाडं परवडायला हवं, असं गणित मांडून गिरगाव-दादरकडची मध्यमवर्गीय कुटुंबं उत्तरेला सरकू लागली. जानेवारी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि हे गणित पक्कं बसलं.

आलेल्या मंडळींनी आधी काय उभं केलं? शाळा. १९२० मध्ये लोकमान्य गेले आणि पुढच्याच वर्षी पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं. १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ आला. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची मुंबईतली एक मोठी छावणी पार्ल्यात पडली ती जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली. सोबत किशोरलाल मशरूवाला होते. जवळच जुहूचा किनारा, त्यामुळे समुद्राचं पाणी आणायला लांब जावं लागत नव्हतं. या छावणीमुळे पार्ले देशाच्या बातम्यांत आलं.

त्याच सुमाराला, १९२९ मध्ये, मोहनलाल दयाल चौहान यांनी पार्ल्यात गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना काढला. सुरुवातीला माणसं बाराच, तीही बहुतेक घरचीच. १९३९ पासून बिस्किटं निघू लागली आणि ‘पार्ले ग्लुको’ने गावाचं नाव देशभर, पुढे देशाबाहेरही नेलं. ‘पार्ले-जी’ हे नाव त्याला १९८० च्या दशकात मिळालं. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला पार्ले आल्याचं पाटी वाचायच्या आधी नाकाला कळायचं, कारण भाजल्या जाणाऱ्या बिस्किटांचा गोडसर वास थेट डब्यात शिरायचा. २०१६ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं.

विमान आलं ते असं शाळा, सत्याग्रह आणि बिस्किटांच्या सोबतीने, आणि आलं ते चिखलात. जुहूचा विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून इथे उतरले. तिथून पुढे बेल्लारी आणि मद्रासकडे ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. भारतीय विमानसेवेचा हा श्रीगणेशा. पण जुहूची जमीन समुद्राच्या पातळीलाच चिकटलेली. पावसाळा लागला की मैदानाचं तळं व्हायचं आणि टाटांना आपलं बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जड विमानांसाठी जुहू पुरेना, तेव्हा रॉयल एअर फोर्सचा भर रुळांच्या पूर्वेकडच्या मोठ्या तळावर आला. तोच पुढे सांताक्रूझ विमानतळ झाला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला गेलं, आणि मुंबई आंतरराष्ट्रीय नकाशावर आली. १९५० मध्ये पार्ले मुंबई महापालिकेत सामील झालं. १९५८ मध्ये सांताक्रूझला नवं टर्मिनल उघडलं. विमानतळ फुगत गेला तशा भोवतालच्या गावांच्या जमिनी त्यात गेल्या. १९८१ मध्ये परदेशी उड्डाणं सहारला हलली, आणि एका ईस्ट इंडियन गावठाणाचं नाव जगभरच्या तिकिटांवर, टॅक्सीवाल्यांच्या तोंडी आणि आखातात निघालेल्या पोरांच्या आयांच्या काळजीत जाऊन बसलं.

विमानतळामुळे पार्ल्याला काय मिळालं, याची यादी सोपी आहे: नोकऱ्या, हॉटेलं, महामार्ग, जागेचा वाढता भाव. किंमत काय मोजली, हे मात्र चटकन दिसत नाही. ते पाहायला मान वर करावी लागते.

मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब. तिचं पश्चिम टोक पार्ले-सांताक्रूझच्या वस्तीला भिडलेलं. एरवी विमानं घाटकोपर-कुर्ल्याकडून उतरतात आणि पार्ले-जुहूच्या माथ्यावरून समुद्राकडे उडतात. वारा फिरला की हाच क्रम उलटा होतो. या मार्गाखालच्या पट्ट्याला पार्ल्यात सगळे ‘फनेल झोन’ म्हणतात. धावपट्टीच्या टोकापासून एक अदृश्य उतरंड सुरू होते. पन्नास फूट लांब गेलात की फूटभर उंची मिळते, असा आंतरराष्ट्रीय नियमाचा साधारण हिशेब. म्हणजे टोकापासून किलोमीटरभरावर, धावपट्टीच्या पातळीपासून जेमतेम वीस मीटर. त्यात सहा मजले कसेबसे बसतात. आणि ही उंची गच्चीपर्यंत मोजत नाहीत. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, वर लावलेला अँटेना, सगळं त्यातच धरायचं. विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत दाखल्यात, म्हणजे एनओसीत, आकडा येतो तो समुद्रसपाटीपासूनच्या मीटरांत, आणि सोसायटीच्या कार्यकारिणीतला निवृत्त इंजिनीअर तो सगळ्यांना समजावून सांगताना घामाघूम होतो.

मुंबईत जुन्या इमारतीचा पुनर्विकास चालतो तो वरचे मजले विकून. बिल्डर रहिवाशांना फुकट घर देतो आणि जास्तीच्या मजल्यांवर आपला खर्च काढतो. जिथे वर मजलेच चढवता येत नाहीत तिथे एफएसआय, म्हणजे भूखंडावर चालणाऱ्या बांधकामाचं प्रमाण, कागदावर कितीही असो, बिल्डर फिरकत नाही. म्हणून या पट्ट्यात साठ-सत्तर वर्षांच्या दुमजली-तिमजली इमारती टेकू लावून उभ्या दिसतात. बाहेरून येणाऱ्याला त्यात जुनं, निवांत पार्ले दिसतं. आत राहणाऱ्याला गळकं छत दिसतं, आणि जिना चढताना धापा टाकणारे सासू-सासरे. बाकी पार्ल्यातही टॉवर चढले आहेत, पण त्यांनाही ठरावीक उंचीपुढे जाता आलेलं नाही. या मर्यादेवर न्यायालयही ढिलं नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विमानांना अडथळा ठरणाऱ्या ४८ बांधकामांवर कारवाई करण्याचे आदेश उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना दिले.

पार्ल्याला घोर लागला उंचीचा. धावपट्टीच्या पूर्वेकडे मात्र प्रश्न जमिनीचा आहे. विमानतळाच्या हद्दीत शेकडो एकरांवर झोपडपट्ट्या आहेत. सहारच्या टर्मिनलजवळची अण्णावाडी ही वस्ती १९९१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी आणलेल्या तमिळ मजुरांनी वसवली. काम संपलं आणि मजूर दलदल बुजवून तिथेच राहिले. कॅथरीन बू या अमेरिकन पत्रकार बाईंनी २०१२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा जगाला तिचं नाव कळलं. २००६ मध्ये विमानतळ खासगी कंपनीकडे गेल्यावर या वस्त्या हलवण्याचा करार एका बिल्डरशी झाला, पण तो २०१३ मध्ये रद्द झाला.

मिठी नदीची गत याहून वाईट. विमानतळ वाढवताना धावपट्टी तिच्या अंगावरून गेली आणि नदी भिंतींमध्ये कोंडली गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवशी कुर्ला-कलिना पाण्याखाली गेलं आणि विमानतळही बंद पडला. मिठीच्या गाळाची आणि अतिक्रमणांची चर्चा तेव्हापासून दर जूनमध्ये होते. धावपट्टीखालच्या त्या अरुंद वाटेची चर्चा मात्र क्वचितच कानावर येते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो दोन्ही टर्मिनलांपर्यंत पोचली. वर्षभराने नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट केली आणि पनवेल तालुक्यातली दहा गावं उठवली. आता आवाज कमी होईल, अशी आशा पार्ल्यात काहींना आहे. पण उंचीचा नियम विमानांची संख्या मोजत नाही. धावपट्टीवर दिवसाला हजार विमानं चालोत की शंभर, उतरंडीचा कोन तोच राहतो. त्यामुळे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय निघाला की कोणीतरी एनओसीचा जुना कागद काढतं, मीटरचे फूट करून दाखवतं, आणि विषय पुढच्या सभेवर जातो.