पाटा, फरशी आणि चुना

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक मुलूख ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळून थरांवर थर साचलेल्या लाव्हारसाचा आहे. परंतु वणी तहसिलीकडे वळताच भूमीची प्रकृती पालटते, चुनखडक लागतो, आणि राजूरच्या भट्ट्यांत भाजलेला कळीचा चुना त्यातूनच निघतो. घरात हे दोन्ही पाषाण शेजारी नांदतात. मात्र त्यांचे स्वभाव इतके भिन्न आहेत, की एकाची निगा दुसऱ्यास घातक ठरावी.

आमचा पाटा काळ्या पाषाणाचा. नवा आणला तेव्हा आईने त्यावर भिजवलेले तांदूळ आणि खडे मीठ वाटले, राखाडी गोळा फेकून दिला, आणि वाटण पांढरेशुभ्र उतरेपर्यंत हा क्रम सोडला नाही. साबण त्याला कधी लावला नाही, कारण सच्छिद्र दगडात मुरलेला साबणाचा वास पुढे चटणीत उतरतो. पाटा गुळगुळीत झाला, की टाकीवाली अंगणात बसून छिन्नीने ओळीने बारीक खाचा पाडी. त्या खाचांच्या धारेवरच मिरची भरडली जाते. चिंच वाटा, लिंबू पिळा, या दगडाला त्याची क्षिती नसते.

शहाबादी किंवा कोटा फरशीची गोष्ट निराळी, कारण ती चुनखडकाची. शुद्ध चुनखडक १०० किलो भाजला, तर कर्बाम्ल वायू उडून जाऊन जेमतेम ५६ किलो कळीचा चुना उरतो. तो विरवून भिंतीला दिला, की हवेतून तोच वायू परत घेऊन पुन्हा दगड बनतो. भट्टीत अग्नी जो वायू हुसकून लावतो, तोच फरशीतून आम्ल हुसकून लावते. आमच्या वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सिमेंटचे डाग काढण्यासाठी गवंड्याने फरशीवर ॲसिड ओतले. ती फसफसली, डाग गेले, पण त्यांबरोबर झिलईही गेली, आणि ते पांढुरके चट्टे आजतागायत तसेच आहेत.

म्हणून फरशी कशाची आहे हे ठाऊक नसेल, तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून थोडा वेळ पाहावे. त्या जागेची चमक मेली, तर ताकाचा, चिंचेच्या कोळाचा सांडलेला थेंब तत्काळ टिपावा, पुसण्यास सौम्य साबणाचे पाणी पुरेसे मानावे, आणि पायांबरोबर आलेली वाळू आधी झाडून काढावी. कारण वाळूचा कण चुनखडकाहून पुष्कळ कठीण असतो, आणि ओल्या फडक्याखाली सापडला, की फरशीवर बारीक चरे पाडीत जातो.