डुकरावरचा प्रवासी आणि पाण्यातलं घर

२३ फेब्रुवारी २००९, सोमवारची सकाळ. 'स्लमडॉग मिलेनियर'ला आठ ऑस्कर, त्यातले दोन ए. आर. रहमानला, एवढं त्या दिवशीचं सगळ्यांना आठवतं. त्याच सोहळ्यात एक जपानी तरुण मंचावर आला होता. तोडक्यामोडक्या इंग्रजीत एकेकाचे आभार मानता मानता त्याने आपल्या पेन्सिलीचेही आभार मानले आणि सभागृह हसलं. आपल्याकडच्या बातम्यांत त्याला जागा मिळणं शक्यच नव्हतं.

त्याचं नाव कुनिओ कातो. जन्म १९७७, जपानच्या दक्षिणेकडचं कागोशिमा. तोक्योच्या तामा कला विद्यापीठात शिक्षण, मग 'रोबोट' नावाच्या चित्रपट कंपनीत नोकरी. ऑस्कर मिळालं ते 'त्सुमिकी नो इए' या बारा मिनिटांच्या ॲनिमेशनपटाला. मराठीत 'ठोकळ्यांचं घर' म्हणता येईल. पण कातोला नीट समजून घ्यायचं तर त्याआधी पाच-सहा वर्षं मागे, २००३ मध्ये जावं लागतं. तेव्हा त्याने एका भटक्या माणसावर छोट्या छोट्या फिल्म्सची मालिका केली होती. तिचं नाव 'तोर्तोव रॉडलची डायरी'.

ही मालिका आहे तरी काय?

तोर्तोव रॉडल हा उंच टोपीवाला प्रवासी. वाहन म्हणून त्याच्याकडे डुक्कर आहे, आणि त्या डुकराचे पाय बांबूच्या काठ्यांसारखे लांबच लांब. उंदरावर बसणारा देव आपल्या घरोघरी असल्यामुळे मराठी माणसाला वाहनाचं फारसं नवल वाटू नये. चित्रकलेची आवड असणाऱ्यांना मात्र साल्वादोर दालीचे काटकुळ्या पायांचे हत्ती आठवतील.

एकूण सहा भाग, प्रत्येक जेमतेम काही मिनिटांचा. पुढे त्यात एका भागाची भर पडली. प्रवासी कुठून निघाला, कुठे जायचंय, घरी कोण वाट बघतंय, काही कळत नाही. तो एका ठिकाणी पोचतो, तिथलं काहीतरी बघतो, पुढे जातो. बस्स. एका भागात त्याला भलेमोठे बेडूक भेटतात आणि त्यांच्या पाठीवर अख्खी शहरं वसलेली असतात. एक भाग मध्यरात्रीच्या कॅफेचा आहे, एक छोट्या गावातल्या सिनेमाच्या खेळाचा, एक उदास पावसाचा.

अशा चित्रांना आपण पटकन 'स्वप्नातल्यासारखं' म्हणून मोकळे होतो. पण स्वप्नात माणूस दचकतो, घाबरतो, पळतो. इथे कुणीच दचकत नाही. बेडकाच्या पाठीवर शहर आहे, तर आहे. आपल्याला एसटी स्टँडवर उभी असलेली बस दिसावी तितक्या शांतपणे प्रवासी ते बघतो. पाऊस, कॅफे, सिनेमा या गोष्टी आपल्या ओळखीच्याच. त्यात एखादीच गोष्ट जागेवरून सरकवलेली. सगळंच विचित्र केलं असतं तर दोन मिनिटांत कंटाळा आला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे बोलणं नाही. पात्रांना संवाद नाहीत, केन्जी कोंदो या संगीतकाराचं संगीत तेवढं आहे. दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर, कोणती खाली, यावरून जिथे डोकी तापतात, त्या भागातल्या वाचकाला याची किंमत वेगळी सांगायला नको. अर्थात संवाद नसले की फिल्म आपोआप सगळ्यांना कळते, हा समज चुकीचा आहे. दिग्दर्शकाला चित्रातूनच सगळं सांगता आलं तरच ती कळते. नाहीतर मुकी फिल्म बोलक्या फिल्मपेक्षा जास्त छळते.

पेन्सिलीचे आभार कशासाठी?

आता थोडा हिशेब. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी पळतात. बारा मिनिटं म्हणजे ७२० सेकंद, म्हणजे १७,२८० चौकटी. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये पुष्कळदा एक चित्र दोन चौकटी टिकवतात. तसं धरलं तरी बारा मिनिटांना साडेआठ हजारांवर चित्रं लागतात. माणूस नुसता खुर्चीतून उठला तरी चित्रांचा गठ्ठा होतो.

कॉम्प्युटरवर रेषा एकदम साफ काढता येते. हाताने तीच रेषा दुसऱ्या कागदावर पुन्हा काढली की ती केसभर का होईना, हलतेच. ती चित्रं एकामागून एक पळवली की पडद्यावर भिंत, टोपी, धूर सगळं किंचित थरथरताना दिसतं. कातोच्या फिल्म्समध्ये ही थरथर दिसते, आणि जुन्या फोटोसारखे पिवळट-तपकिरी रंगही. ट्रंकेतून काढलेली वही बघावी तशी ती चित्रं वाटतात. प्रवाशाच्या डायरीला हे शोभतंच.

'ठोकळ्यांचं घर' मध्ये तर त्याच रंगांनी गोष्टीचं अर्धं काम केलंय. ही गोष्ट केन्या हिराता यांनी लिहिली. शहरात पाणी चढत चाललंय. एक एकटा म्हातारा घरावर विटांचा आणखी एक मजला चढवतो. पाणी पुन्हा चढतं, तो पुन्हा बांधतो. एकदा सामान हलवताना त्याचा आवडता पाइप हातातून सुटून खालच्या मजल्यावर, पाण्यात पडतो. दुसरा चालला असता. पण त्याला तोच हवा. म्हणून तो पाणबुड्याचा पोशाख चढवून खाली उतरतो. पाइप मिळतो, आणि तो उचलताना बायको आठवते. मग तो आणखी एक मजला खाली जातो, मग आणखी एक. आजारी बायको, मुलीचं लग्न, मुलगी लहान असतानाचे दिवस, आणि तळाशी पहिलं घर, जेव्हा तिथे पाणी नव्हतं, जमीन होती.

प्रवासी कुठेच थांबत नाही आणि म्हातारा काही झालं तरी जागा सोडत नाही. दोघं एकाच हाताने काढलेले. म्हातारा हट्टी आहे असं पहिल्यांदा वाटतं. खाली काय काय आहे ते दिसल्यावर तसं म्हणवत नाही.

गोव्यातल्या सांगे तालुक्यातल्या कुर्डी गावच्या लोकांना ही फिल्म दाखवली तर त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांचे चौथरे वर येतात. मे महिन्यात जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळाशी आणि चॅपेलशी जमतात, कुठे कुणाचं अंगण होतं ते पोरांना दाखवतात. पावसाळा आला की पुन्हा पाणी. धरणाखाली गाव गेलेली माणसं या सीमेच्या दोन्ही बाजूंना भेटतील, आणि 'मोबदला मिळाला ना' या प्रश्नावर ती गप्प का होतात, हे त्या म्हाताऱ्याच्या बुडीवरून कळतं.

या फिल्मला २००८ मध्ये फ्रान्समधल्या ॲनसी महोत्सवात लघुपटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं. ऑस्कर त्यानंतरचं. नंतर त्याच गोष्टीचं चित्रांचं पुस्तकही झालं.

बघायच्या असतील तर क्रम महत्त्वाचा: आधी प्रवासी, मग घर. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास पुरे. मोबाइलवर येताजाता बघण्यापेक्षा रात्री टीव्हीला जोडून, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून बघावं, कारण त्यांना भाषेची अडचण येणार नाही. दुसऱ्या फिल्मच्या शेवटी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या टेबलावर दोन ग्लास का असतात, ते मात्र आधी कुणाला सांगू नये.