आवा : वस्तीतील भाजणी आणि तिची भाषा

‘कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच’ ही म्हण मराठीत सर्वपरिचित आहे. आज जो आपल्याला टाळतो आहे त्याला उद्या गरजेपोटी ठरल्या जागी यावेच लागेल, असा तिचा अर्थ सांगितला जातो व तो यथार्थही आहे. परंतु उकिरडा नेमका कुंभाराच्याच सुनेला का चुकत नाही, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शेतकऱ्याची सून किंवा सुताराची सून या म्हणीत का आली नाही? याचे उत्तर कुंभाराच्या अंगणात, मडकी भाजण्याच्या क्रियेत आहे. मातीत कालवावयाची राख व लीद, आव्यात घालावयाचे शेण, काडीकचरा व भुसा, आव्यावर पसरावयाचा राखेचा थर, हे सारे साहित्य उकिरड्याच्या आसपासचे. ज्या घरी आवा पेटतो त्या घरातील बाईला उकिरडा टाळता येत नाही. धंद्याची माहिती लोप पावली म्हणजे म्हण शिल्लक राहते, पण तिच्यातील ‘कुंभार’ हा शब्द निर्हेतुक वाटू लागतो. प्रस्तुत लेखात या भाजण्याच्या क्रियेचे स्वरूप, तिच्याभोवती वाढलेली भाषा, आणि भरवस्तीत आवा असण्याचे कारण यांचा विचार करावयाचा आहे.

या विवेचनासाठी सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील वळसंग व त्याच्या आसपासचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवला आहे. दक्षिण सोलापूर तालुक्याच्या या भागात मराठी व कन्नड या दोन्ही भाषा एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच घरात नांदतात. त्यामुळे एखाद्या धंद्याचे शब्द कोठून कोठे गेले हे पाहण्यास असा प्रदेश फार सोयीचा असतो.

प्रथम ‘आवा’ हा शब्दच घेऊ. संस्कृत ‘आपाक’ म्हणजे कुंभाराची भट्टी. त्यातील स्वरमध्यस्थ प-काराचा व-कार झाला, अंत्य क-काराचा लोप झाला, आणि प्राकृतातील ‘आवाग’, ‘आवाय’ अशा रूपांतून मराठी ‘आवा’ सिद्ध झाला. हिंदीत तोच ‘आवाँ’ असा सानुनासिक आहे. कन्नडमधील ‘आवगे’ किंवा ‘आविगे’ हा शब्दही याच कुळातील मानला जातो. मराठीने जो क-कार पूर्णपणे टाकला तो तेथे ग-रूपाने राहिला असावा. ‘कुंभकार’ शब्दाची कथा याहून सरळ आहे : मराठीत ‘कुंभार’, कन्नडमध्येही ‘कुंबार’. द्राविडी भाषेने कारागिराचे नाव आर्यभाषेतून घ्यावे, यावरून मडके करण्याची कलाही तिकडून आली असे अनुमान मात्र कोणी काढू नये. नाव उसने घेतल्याने वस्तू उसनी ठरत नाही. ‘टेबल’ हा शब्द येण्यापूर्वी आपल्याकडे चौरंग होताच.

‘पाक’ या मूळ शब्दाचा परिवार मोठा आहे. ‘पक्व’पासून प्राकृतात ‘पक्क’ आणि ‘पिक्क’ अशी दोन रूपे झाली. दुसऱ्यापासून मराठीत ‘पिका’, ‘पिकणे’ व शेतकऱ्याचे ‘पीक’ हे शब्द आले. ‘पक्का’मधील जोडाक्षर टिकून राहिलेले पाहता तो शब्द आपल्याकडे हिंदीच्या वाटेने आला असावा. म्हणजे शेतातील ज्वारीचे पीक आणि कुंभाराचे पक्के मडके ही एकाच धातूची लेकरे आहेत. ‘भाजणी’ या शब्दाची गंमतही येथेच सांगावयास हरकत नाही. गृहिणीची भाजणी थालीपिठात जाते, कुंभाराची भाजणी माठात. दोन्हींत आच मंद ठेवण्यास चुकले की माल वाया जातो.

आता प्रत्यक्ष क्रियेकडे वळू. सोलापूरकडील काळी माती कापसाला व रब्बी ज्वारीला उत्तम, पण मडक्याला एकटी निरुपयोगी. तिच्यातील खनिजकण पाणी पिऊन फुगतात व वाळताना आकसतात. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात त्याच भेगा अशा मातीच्या मडक्यालाही पडतील. म्हणून तळ्याचा किंवा ओढ्याचा गाळ घेऊन त्यात राख, लीद, भुसा यांसारखे पदार्थ मिसळतात. या मिश्रणाने आकसणे कमी होते आणि भाजताना आतील वाफेला बाहेर पडण्यास वाटा मिळतात. चुनखडीचे खडे मात्र वेचून काढावेच लागतात. दख्खनच्या मातीत ते जागोजागी असतात. सुमारे ८०० अंश सेल्सियसच्या आसपास चुनखडीचा कळीचा चुना होतो. मडके आव्यातून निघते तेव्हा निर्दोष दिसते, पण पुढे हवेतील ओलावा शोषून तो चुना फुगतो व मडक्याचा टवका उडवितो. गिऱ्हाईक कुंभाराच्या नावाने खापर फोडते. वास्तविक दोष हरभऱ्याएवढ्या एका खड्याचा असतो.

चाकावरून उतरलेले मडके थोडे सुकले की आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकून वाढवितात. त्यानंतर ते सावलीत व मग उन्हात वाळते. वाळलेले मडके हाताला कोरडे लागले तरी त्यात पाणी असतेच, आणि ते दोन प्रकारचे असते. एक मातीच्या कणांमध्ये अडकलेले. ते शंभर अंशांच्या थोडे वर जाईपर्यंत वाफ होऊन जाते. येथे घाई झाली तर वाफ मडके फोडून बाहेर पडते. यासाठीच आव्याला प्रारंभी धुराची मंद आच देतात, आणि वस्तीला ज्याचा उपद्रव होतो तो दाट पांढरा धूर मुख्यतः याच वेळचा. दुसरे पाणी मातीच्या रेणूंतच बांधलेले असते. ते साधारणपणे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान सुटते. हे पाणी गेले की माती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. कच्चे आणि पक्के यांच्यामधील सीमारेषा ती हीच. कच्चे मडके पाण्यात ठेवले तर विरघळून पुन्हा चाकावर चढविता येते. पक्के फुटले तर खापर होते, माती होत नाही. ५७३ अंशांवर मातीतील गारेचे कण एकदम किंचित प्रसरण पावतात, व निवताना त्याच अंशावर आकुंचित होतात. आवा निवण्यापूर्वी उघडू नये हा दंडक ज्यांनी घातला त्यांच्याजवळ तापमापक नव्हता, पण तडकलेल्या मडक्यांचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा होता.

रचनेतही कसब आहे. खाली गोवऱ्यांचा व काड्यांचा थर, त्यावर मोठी भांडी, त्यांच्या पोटात व फटींत लहान बोळकी आणि पणत्या. मग पुन्हा सरपण. वरून जुन्या खापरांचे आच्छादन, त्यावर ओले गवत, राख व चिखलाचा लेप. या भागात तुरीच्या काड्या, ज्वारीची धसकटे, करडईचे काड अशा शेतातून सुटणाऱ्या वस्तू जळणाला उपयोगी पडतात. अशा उघड्या आव्याची उष्णता बहुधा ६०० ते ८५० अंशांपर्यंत पोचते. चिनी मातीच्या भांड्याला १२०० अंशांहून अधिक उष्णता लागते. तेवढी येथे येत नाही व यावी अशी अपेक्षाही नसते. कारण पूर्ण वितळून काचेसारख्या झालेल्या भांड्याला छिद्रे राहत नाहीत, आणि छिद्रे नसली तर माठातील पाणी गार होणार नाही. माठातून पाझरलेले एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. एका दृष्टीने पाहता माठाचा गारवा हे आव्याच्या अपुऱ्या आचेचे फळ आहे.

काळ्या मातीचे मडके लाल का होते, हा प्रश्न मुले विचारतात व मोठे टाळतात. मातीत लोह असते. आव्यात हवा खेळती राहिली तर त्याचे तांबडे भस्म होते. हवा कोंडून धूर आतच जिरविला तर तेच लोह काळे पडते व धुरातील कोळसाही मडक्यात मुरतो. लाल घागर आणि काळे गाडगे यांच्यातील भेद मातीचा नसून वाऱ्याचा आहे.

या साध्या घटनेवर आपल्या दर्शनकारांनी जो वाद घातला तो वाचनीय आहे. कच्चा सावळा घट भाजून लाल होतो तेव्हा बदल कोठे होतो? वैशेषिकांचे म्हणणे असे की अग्नीच्या आघाताने घट परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणूंचा रंग पालटतो, आणि ते पुन्हा जुळून नवा घट होतो, हा पीलुपाकवाद. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते घट सच्छिद्र असतो, अग्नी त्याच्या आत शिरतो व अखंड घटच पालटतो, हा पिठरपाकवाद. आव्यात ठेवलेला घट तोच आहे हे आपण ओळखतो, त्याच्या वर रचलेली भांडीही कोसळत नाहीत, हा नैयायिकांचा बिनतोड मुद्दा. प्रस्तुत लेखकास कल नैयायिकांकडे द्यावासा वाटतो. तथापि बंधित पाणी सुटून खनिजाची घडणच बदलते हे आज ज्ञात असल्यामुळे वैशेषिकांनाही अगदी रिकाम्या हाताने परत पाठविता येत नाही. भाषेच्या अभ्यासकांना तर कुंभार पतंजलीपासून परिचित आहे. घट हवा असेल तर मनुष्य कुंभाराच्या घरी जाऊन घट करावयास सांगतो, पण शब्द हवे असता वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द करून मागत नाही, असा दृष्टांत महाभाष्याच्या आरंभी आहे. त्यात ‘कुंभाराच्या घरी’ असे म्हटले आहे हे लक्षात घ्यावे. कारखाना वेगळा आणि घर वेगळे अशी कल्पनाच तेथे नाही.

या प्रदेशाच्या संतकथांतही घर व आवा वेगळे नाहीत. धाराशिव जिल्ह्यातील तेरचा गोरोबा थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चे मडके कोणते ते सांगतो. ही आख्यायिका रचणाऱ्याला पक्के मडके आवाजावरून ओळखतात हे ठाऊक होते. बीदर जिल्ह्यातील भालकीचा कुंभार गुंडय्या हा त्याचा कन्नडमधील बंधूच म्हणावा. त्याच्या मडके ठोकण्याच्या तालावर साक्षात शिव नाचला अशी कथा असून कवी हरिहराने त्याच्यावर स्वतंत्र ‘रगळे’ रचला आहे. खुद्द सोलापुरात मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत सिद्धरामाच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लावण्याचा विधी होतो. संक्रांतीची सुगडे, लग्नातील ऐरणीची मडकी, नवरात्रातील घट, यांसाठी गावाला कुंभार जवळ हवा असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात कुंभार बलुतेदारांत येतो, म्हणजे गावाच्या रचनेचाच तो एक घटक होता.

आज आवा व वस्ती यांचे जुळत नाही, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. धूर डोळ्यांना व छातीला अपायकारक असतो. ठिणगी शेजारच्या कडब्याच्या गंजीवर पडली तर संकट ओढवते. आणि ज्या गल्लीत पूर्वी सर्वांच्याच चुलींचा धूर होता तेथे गॅस आल्यावर एकट्या कुंभाराचा धूर उठून दिसतो. मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा आहे. सौराष्ट्रातून आलेले कुंभार मुंबईत पूर्वीच्या जागेवरून हलविले गेले व विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात धारावीस स्थिरावले. तेव्हा ती जागा शहराच्या कडेला होती. पुढे शहर तिच्याभोवती वाढले. घरांच्या मधल्या चौकात भट्ट्या आणि चिंध्या, टाकाऊ कापूस यांचे जळण, अशी तेथील व्यवस्था. पुनर्विकासाच्या चर्चेत घरांच्या क्षेत्रफळाविषयी पुष्कळ बोलले जाते. भट्टी बहुमजली इमारतीच्या कोणत्या मजल्यावर ठेवावयाची, हे कुंभारालाच विचारावे लागते. शहरातील हौशी कलावंत घरात विजेची भट्टी ठेवतात हे खरे, पण रांजण त्या भट्टीत मावत नाही, व पाच-दहा रुपयांच्या पणतीला विजेचा खर्च पेलत नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेवर चालणारी चाके देण्याची योजना राबविली. चाक हलके झाले, हा मोठाच दिलासा. आव्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आवा गावाबाहेर न्यावा, ही सूचना वरवर पाहता निर्दोष वाटते. पण आवा घराशी का असतो याचे मुख्य कारण कच्च्या मडक्याच्या स्वभावात आहे. ते वाहून नेता येत नाही. पक्के मडके गाढवावरून, गाडीतून, डोक्यावरून बाजारास जाते. कच्चे चार पावले नेतानाही काठ जपावा लागतो, आणि खडबडीत रस्त्यावरून टेंपोतून नेले तर निम्मे अंगणातच सोडून दिल्यासारखे होते. शिवाय अवकाळी पावसाची सर आली की वाळत घातलेला माल क्षणात घरात घ्यावयाचा असतो, रात्री आव्याची आच पाहावयाची असते, आणि हे काम घरातील स्त्रिया व वृद्ध माणसे आपापल्या कामांतून सांभाळतात. तेव्हा जागा द्यावयाची असेल तर ती आव्यापुरती देऊन भागत नाही : माती भिजविण्याचा खड्डा, चाक, वाळवणाचे अंगण, पावसाळी छप्पर व राहते घर यांसह ती द्यावी लागेल. धुराडे असलेली, बंदिस्त भिंतींची सामाईक भट्टी हा दुसरा मार्ग आहे. तीत धूर उंचावर जातो व जळणही कमी लागते. परंतु तीही कुंभारवाड्यापासून कच्चे मडके हातांनी नेता येईल इतक्याच अंतरावर बांधली पाहिजे.