आडनांवांतील एक चिन्ह

गेल्या वर्षीं वसईहून जालन्यास बदलून आलेल्या एका कुटुंबांतील मुलगा आमच्या वर्गांत दाखल झाला. आडनांव डिसोझा. रोमन लिपींत तें लिहितांना पहिल्या अक्षरापुढें, वरच्या अंगास, स्वल्पविरामासारखें चिन्ह देतात. एका परीक्षेचा अर्ज संगणकावर भरतांना तें चिन्ह आलें कीं अर्ज अडे. विचारणा केली, तों "चिन्ह गाळा" असें उत्तर आलें. वडिलांस तें रुचलें नाहीं. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर नांव चिन्हासह आहे. आम्हांस काळजी वाटली ती निराळीच. जेथें हें चिन्ह अडतें, तेथें चोरासही वाट असण्याचा संभव असतो.

माहितीच्या कोठारास एस्‌क्यूएल नामक भाषेंत आज्ञा द्यावी लागते: "ज्याचें आडनांव अमुक, त्याची नोंद दाखव." हें 'अमुक' कोठें सुरू होतें व कोठें संपतें, हें यंत्रास त्याच चिन्हावरून कळतें. प्रोग्रॅम लिहिणारानें आपले शब्द व अर्जदाराचा मजकूर नुसते एकमेकांस जोडले, तर चिन्ह येतांच नांव संपलें असें यंत्र समजतें, आणि उरलेलीं अक्षरें आज्ञा म्हणून वाचूं लागतें. डिसोझाच्या बाबतींत त्यांचा अर्थ लागत नाहीं, इतकेंच. परंतु एखाद्या लबाडानें चिन्हापुढें "किंवा एक बरोबर एक" अशा अर्थाचे शब्द घातले तर? ही अट सदैव खरी. यंत्र सर्वांच्याच नोंदी पुढें ठेवील. खतांतील कोऱ्या जागेंत नांव भरावयास सांगितलेल्या माणसानें खताच्या अटीच बदलाव्या, तसें हें. यास एस्‌क्यूएल इंजेक्शन म्हणतात.

हा दोष 1998 सालापासून जाहीर आहे. तरीही 2015 मध्यें इंग्लंडांतील टॉकटॉक कंपनीच्या 1,56,959 ग्राहकांची माहिती याच वाटेनें गेली, व पुढील वर्षीं कंपनीस चार लाख पौंड दंड झाला.

ज्या मुलांस प्रोग्रॅम लिहिण्याची आवड आहे, त्यांनीं आपल्या वहींत हें शोधावें: बाहेरून आलेला शब्द अधिक चिन्हानें आज्ञेस जोडला आहे काय? असल्यास तें मोडून टाकावें. आज्ञा आधीं पूर्ण लिहावी, नांवाच्या जागीं प्रश्नचिन्ह ठेवावें, व नांव मागाहून स्वतंत्रपणें द्यावें. मग यंत्र त्यास केवळ नांवच समजतें; त्यांत कितीही चिन्हें असोत. रकान्याचें नांव मात्र असें देतां येत नाहीं. तें स्वतः ठरविलेल्या यादींतूनच निवडावें. नुसतें वाचावयाचें काम असेल तेथें प्रोग्रॅमास पुसण्याचा अधिकार देऊं नये, आणि यंत्राचे दोषसंदेश परक्यास दाखवूं नयेत. चिन्हावर बंदी घालणें हा उपाय नव्हे. त्यानें डिसोझा अडतो, चोर दुसरी वाट काढतो.

(दुसऱ्याच्या संकेतस्थळावर याची परीक्षा पाहूं नये. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 व्या कलमान्वयें तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.)

आम्हीं हें सर्व त्या संस्थेस सविस्तर लिहून कळविलें. महिन्याभरानें अर्ज पुन्हा भरला, तेव्हां मुलाचें नांव चिन्हासह नोंदलें गेलें.