राजधानी गेली, पेठ राहिली

दिल्ली किती वेळा वसली आणि किती वेळा उजाडली, हे आपण शाळेत शिकतो. पण राजधानीचा मान येऊन पुन्हा गेलेले गाव आपल्या पुणे जिल्ह्यातही आहे, हे मुलांना क्वचितच कोणी सांगते. ते गाव म्हणजे जुन्नर.

सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येई. घाटात राणी नागनिकेचा लेख आहे आणि माथ्यावर दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात पडत, असे लोक सांगतात. पुढे क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मानमोडीच्या डोंगरात पाण्याचे टाके आणि मंडप करवला. नहपानाची राजधानी जुन्नरच असावी, असे काही अभ्यासक मानतात.

१४९० मध्ये मलिक अहमदने इथूनच बहमनी सत्ता झुगारली आणि निजामशाही उभी राहिली. पण त्याची नजर दौलताबादवर होती आणि जुन्नर तिथून लांब. १४९४ मध्ये त्याने वाटेत अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसवायला घेतले. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने राजधानी पुन्हा जुन्नरला आणली. थोड्याच वर्षांत तीही दौलताबादजवळच्या खडकीकडे वळली. १६३० मध्ये शिवराय शिवनेरीवर जन्मले, पण स्वराज्याची राजधानी झाली राजगड आणि मग रायगड. १६५७ मध्ये महाराज जुन्नरला आले ते रातोरात तट चढून मोगलांची ठाणी लुटायला!

मग जुन्नरचे स्वतःचे असे काय उरले? बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला उत्तर इथल्या लेण्यांत सापडते. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेवी ठेवल्याची नोंद तिथे दगडात कोरलेली आहे. व्याज थकले असेल, पण पासबुक अजून शाबूत आहे!

शेजारच्या आंबेगाव तालुक्याचेही पाहा. ज्या गावाचे नाव तालुक्याला मिळाले, ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. कचेरी आहे घोडेगावात. कचेरी हलते, गावही बुडते. पण माणसे पुन्हा पेरणी करतात, बाजार भरवतात. नारायणगावचा टोमॅटो आणि ओतूरचा कांदा आजही दूरच्या बाजारपेठांत जातो.

सुट्टीत मुलांना शिवनेरी दाखवाल, तेव्हा गडावरून खालची पेठही दाखवा. राजे तिथे आले आणि गेले. गाव तगले ते कष्टकऱ्यांच्या भरवशावर.